गवतात सोडलेले जीव

मुलांनो, कढीपत्त्याचं एक झाड डोळ्यांसमोर आणा. नारायणगावात, किराणा दुकानामागच्या परसात, तुमच्याच उंचीचं. एका पानावर पाखराची शीट पडली आहे. काळपट, मध्ये पांढरा पट्टा. आता बोट जवळ न्या. हलली ना? ती अळी आहे. पाखरांनी खाऊ नये म्हणून तिनं तसं रूप घेतलं आहे.

नऊ वर्षांच्या सिद्धीला ती बरोबर ओळखू यायची. तिच्या दादीची, भंवरीबाईंची, नजर अधू झाली होती. आपल्या घरात जीव मरता कामा नये, म्हणून फोडणीआधी पान न् पान तपासायचं, हा दादीचा नेम. सिद्धी अळी शोधायची, पुठ्ठ्यावर अलगद घ्यायची आणि भिंतीपलीकडच्या हिरव्यागार गवतात सोडून यायची.

"अजून एक जीव वाचवलास," म्हणत दादी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. पावसाळाभर हे चाललं होतं.

त्या सकाळी सिद्धी पुठ्ठा सांभाळत निघाली, तेव्हा पिंपळवंडीची भाजीवाली ठमाबाई मागच्या दारात पाटी टेकून बसली होती.

"कुनाची वरात गं बाय?"

"अळीची. गवतात सोडते. तिथं भरपूर खायला आहे."

"कुनाला? म्हशीला?" ठमाबाई हसली. "अगं, ही कढीपत्ता खाती, न्हाईतर लिंबुनीचा पाला. गवताला त्वांड बी लावायची न्हाई. उपाशी मरंल."

"मग आधी नेलेल्या?"

ठमाबाई पाटीतली मेथी उगाच खालीवर करू लागली.

सिद्धीनं अळी पुठ्ठ्यासकट पायरीवर ठेवली आणि पलीकडे धावली. गवत बाजूला सारलं. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर चार अळ्या होत्या. वाळून दोऱ्यासारख्या झालेल्या.

"दादी, आपण मारल्या."

दादीनं तिचा हात डोळ्यांजवळ ओढला.

"आपल्या हातून तर नाही ना मेल्या?" ती म्हणाली. "त्यांचं आयुष्यच तेवढं." तिनं सिद्धीचा हात सोडला आणि गॅसवर कढई ठेवली. "जा, पानं आण. नीट बघून."

पायरीवरची अळी अजून जिवंत होती. सिद्धीनं ती झाडावर, होती त्याच पानावर परत ठेवली.

"आहे का गं काही?" दादीनं आतून विचारलं.

सिद्धी आजवर दादीशी कधी खोटं बोलली नव्हती.

"पाखराची शीट आहे, दादी," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाजूच्या फांदीची पानं तोडू लागली.