आठ हजारांवर दमानं

आशा पास झाली. पण हे आपण अजून ऐकलेलंच नाही असं धरून चालू, कारण विमान नुकतंच पुण्याहून उडालंय आणि खुद्द आशालाही ते ठाऊक नाही.

लोणीच्या मेंढरं राखणाऱ्या म्हस्कूची ही लेक सहवैमानिकाच्या खुर्चीत होती. शेजारी परीक्षक कॅप्टन सयाजी, मांडीवर तपासणीचा कागद. आज चुकली तर दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात आणि खुर्ची दुसऱ्याला.

"आठ हजार फुटांवर थांबा," कंट्रोलरनं रेडिओवर बजावलं. "नऊ हजारांवरून दुसरं विमान चाललंय."

थांबा म्हणायला काय जातं! विमान निम्मं रिकामं होतं. ते कोवळा पाला दिसलेल्या शेळीसारखं उधळलं. मिनिटाला तीन हजार फूट. सहा हजार गेले, साडेसहा गेले.

"आशाताई, आठ हजारांवर स्टॉप आहे," सयाजी कागदावरची नजर न काढता म्हणाले. "एसटी थांबली नाही तर पॅसेंजर ओरडतात. इथं ओरडायला कुणी उरत नाही."

म्हस्कूचं एक सांगणं होतं: माथ्यावर पोचलेलं मेंढरू थांबत न्हाई, त्याला माथ्याच्या आधी आवरावं लागतं. आशानं सात हजारांच्या अलीकडेच नाक जरा खाली केलं, इंजिनांचा जोर काढला. तीन हजारांचा वेग दोनावर आला. मग एकावर. आणि ऐन मोक्याला, जिच्यावर कुठल्याही शाळेत औषध मिळालं नव्हतं, ती मेंढरं आवरायची सवय तोंडातून बाहेर पडली.

"हर्रर्र... दमानं गं बाई, दमानं!"

सुकाणूवरची मूठ घट्ट आवळलेली होती आणि मुठीखाली रेडिओचं बटण होतं. आभाळात त्या घडीला जेवढी विमानं होती, तेवढ्यांनी ऐकलं.

मग कंट्रोलरचा आवाज आला, "कोण बोललं? आणि कुणाला?"

उत्तर नऊ हजारांवरून आलं. तिथला वैमानिक जुन्नरकडचा निघाला.

"आमालाच म्हणत्यात, साहेब. आमी दमानंच चाललोय. येऊ द्या त्यास्नी."

काटा आठ हजारांवर येऊन टेकला आणि तिथंच बसला. वरचं विमान डोक्यावरून शांतपणे निघून गेलं. सयाजींनी पहिल्यांदाच कागद बाजूला ठेवून खिडकीबाहेर पाहिलं.

दिल्लीत उतरल्यावर त्यांनी सही केली. "पास आहात. पण रेडिओचा गैरवापर लिहावा लागला, नाइलाज आहे. खाली उमेदवाराच्या म्हणण्याला जागा सोडलीय. काय ती माफीबिफी लिहून टाका."

आशानं पेन घेतलं. बराच विचार केला. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'घाटात चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट दिली जाते. सदर नियम आभाळासही तातडीने लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.'