मुकी गाडी

“रस्त्यात थांबलेली गाडी दिसली की थांबायचं. आत कोण आहे ते नंतर बघायचं.”

वडील हे सांगायचे तेव्हा लेसिया मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायची. आज ते शब्द नेमके आठवले आणि आठवले नसते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. कारण पुढे कडेला दिवे मिचकावत उभा असलेला डिझेल ट्रक तिने ओळखला होता.

दुपारी वाटेतल्या गावात, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलबाहेर, तिने आपली नवी इलेक्ट्रिक गाडी प्लगच्या खांबाला जोडली होती. इंजिन गोठू नये म्हणून गावकरी आपापल्या ट्रकच्या वायरी त्या खांबांना लावून आत खेळायला जातात. तिच्या गाडीने एवढी वीज ओढली की अख्ख्या रांगेचा फ्यूज उडाला. लोक बाहेर आले तेव्हा त्यांचे ट्रक दगडासारखे गार पडले होते. बाकीचे नुसते पुटपुटले. कॉर्नी फ्रीसन नावाच्या म्हाताऱ्याने मात्र तिची वायर उपटून बर्फात फेकली आणि खेळण्याला चावी द्यायची तर आपल्या घरी द्यावी, असं चारचौघांत सुनावलं. तिने माफी मागितली. ती त्याने घेतली नाही.

आता ट्रकही त्याचाच होता आणि शेजारी उभाही तोच होता. मागे घोड्याचा ट्रेलर होता.

तिने गाडी थांबवली आणि खाली उतरली. वारा तोंडावर चपराक मारावी तसा आला.

“चोरासारखी आलीस,” फ्रीसन म्हणाला. “मुकी गाडी. माणूस मेला तरी त्याला कळायचं नाही कुणी आलं म्हणून.”

काय झालं, असं तिने विचारलं.

“थंडीने डिझेलचं लोणी झालंय. तुझ्या कृपेने.”

तिच्याचमुळे झालं की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. वाद घालायची ती जागा नव्हती. पुढच्या वस्तीवर सोडते, बसा, असं ती म्हणाली.

त्याने ट्रेलरकडे अंगठा केला. आत एक म्हातारी घोडी थरथरत उभी होती. “आणि ही? ही बसेल तुझ्या मांडीवर?”

घोडीला सोडून तो हलणार नव्हता, हे त्याने दोनदा सांगितलं, जणू लेसियानेच तिला सोडायला सांगितलं होतं. डिझेल पातळ करायचं औषध आणि नवा फिल्टर पुढच्या वस्तीवरच्या दुकानात मिळाला असता. फोनला इथे रेंज नव्हती. तो थांबल्यापासून दुसरी एकही गाडी गेली नव्हती. हे सगळं तो तिच्याकडे न बघता, बर्फाला सांगावं तसं सांगत होता. त्याच्या भुवयांवर बर्फ धरलं होतं आणि ओठ नीट मिटत नव्हते.

“मी घेऊन येते,” लेसिया म्हणाली. “औषध आणि माणूस, दोन्ही.”

“येशील तू. हिटरपुढे हात शेकले की माणूस विसरतो. जा.”

ती गाडीकडे गेली. सीटमागून वडिलांचा कॉफीचा जुना डबा काढला. त्यात जाड मेणबत्ती होती आणि काडेपेटी. गाडी बंद पडली तर तेवढ्या ज्योतीवर माणूस रात्र काढतो. सोबत लोकरीचं ब्लँकेट होतं. दोन्ही तिने त्याच्यापुढे धरलं.

तो डब्याकडे बघत राहिला. असा डबा त्याच्याकडेही कधीकाळी असणार.

“आणि तुला?”

“माझ्याकडे गाडी आहे.”

“गाडी,” तो म्हणाला, आणि नाकातून आवाज काढला. पण डबा घेतला. ब्लँकेट घोडीच्या पाठीवर टाकलं, तिच्या मानेवर एक थाप मारली, आपल्या ट्रकमध्ये चढला आणि आभार न मानता दार लावून घेतलं.

लेसिया स्टिअरिंगमागे बसली. वस्ती नव्वद किलोमीटरवर होती. बॅटरीवर अजून किती किलोमीटर जाता येईल, तो स्क्रीनवरचा आकडा मघाशी शंभराच्या वर होता. आता ब्याऐंशी दिसत होता. थंडी बॅटरी कुरतडत होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. त्याला तिथून काही दिसत नाही, याची खात्री केली. मग हिटर बंद केला.

आकडा थांबला, थोडा चढला. पंच्याण्णव.

सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशी पहिली चांदणी दिसेपर्यंत खायचं नाही, हा तिच्या घरचा नेम होता. आईचं ताट वाट बघत होतं आणि वाटेत लागलं तर म्हणून पावाचा डबा शेजारी होता. तिने कानटोपी खाली ओढली, हातमोज्यांवर आणखी एक जोडी चढवली आणि गाडी हळू रस्त्यावर घेतली. आवाज झाला नाही.

आरशात धोक्याचे दिवे मिचमिचत होते. ते क्षीण झाले आणि विझले. मग ट्रकच्या काळोख्या काचेमागे मेणबत्तीचा पिवळा, बोटभर उजेड लागला.

तिच्या श्वासाने काच आतून गोठू लागली. तळहाताएवढी जागा ती एका कार्डाच्या कडेने खरवडत होती. जागा पुन्हा बुजायची, ती पुन्हा खरवडायची. एकदा त्या जागेतून पहिली चांदणी दिसली. आता खायला हरकत नव्हती, पण पावाचा डबा उघडायला एक हात मोकळा हवा होता.

तिने पुन्हा काच खरवडली.