बारा व्होल्टची पाणबुडी

पायरीच्या फटीत अडकलेली नारळाची शेंडी.

चार इंची प्लास्टिकचा पाइप, पिवळा रंगवलेला, दोन्ही टोकांना घट्ट झाकणं.

पोत्यावर ओळीनं मांडलेले कटला आणि रोहू. डोळे पांढरे.

काठावरच्या गाळात औषधाच्या बाटलीचं हिरवं बूच.

गावातल्या लालसिंगच्या मोबाइलवर लग्नाचं गाणं. ते बंद कर, असं कोणी म्हणत नव्हतं.

रविवार, सकाळचे नऊ. साधना पिवळी पाणबुडी कडेवर घेऊन स्कूटीवरून उतरली, तेव्हा तळ्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि सगळी तिच्याकडेच पाहत होती.

"आली," देवराव म्हणाला. तळ्यातल्या मासोळीचा ठेका त्याचा. "वो बाई, ते यंत्र दे इकडं."

मागच्या रविवारपर्यंत तो तिला साधनाताई म्हणत होता.

"काहून?"

"तुया यंत्रानं करंट मारला. पाह्य, सारे मासे मेले."

पांढरकवड्याला साधनाचं मोटर भरण्याचं दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटरींना नवी तार भरून देता देता पंधरा वर्षं गेली होती. पाणी कुठून आत शिरतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. म्हणूनच तर ही हौस. जुना, लांब एरियलचा रिमोट, कारण नव्या रिमोटचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही. पोटात एक मोठी पिचकारी. ती पाणी ओढून घेते, पाणबुडी जड होते, बुडते. पाणी सोडून देते, वर येते. दोन वर्षं लागली होती बनवायला. आता दर रविवारी ती इथं तळ्यात सोडायची.

"बारा व्होल्टची बॅटरी हाये भाऊ. स्कूटीत असते तेवढीच. स्कूटी धुता धुता मेलं काय कोणी?"

मागून कोणीतरी हसलं. देवराव हसला नाही.

"पाण्यात वीज घालते अन् मलेच शिकवते?"

"तुमच्या विहिरीत चारशे व्होल्टची मोटर म्याच भरून सोडली. तिचं पाणी तर पिऊनच राह्यले तुम्ही."

"ते अलग."

"अन् हे बूच कोणाचं? फवारणीचे पंप कोणी धुतले इथं?"

"ते तर सारेच धुतात. बाप धुवत होता. तवा नाही मेले मासे."

बोलण्यात काही अर्थ नव्हता. तिनं पाणबुडी पाण्यावर ठेवली, रिमोटचा एरियल लांब ओढला आणि अंगावरच्या ड्रेससकट कंबरभर पाण्यात जाऊन उभी राहिली. पुढची माणसं दोन पायऱ्या मागं सरली. पिवळा पाइप तिच्याभोवती गोल फिरला, नाक खाली घालून बुडबुड्यांची एक रेघ सोडत गेला. तिनं रिमोट छातीशी धरला आणि मोकळा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. वर काढला. सगळ्यांना दाखवला.

"या. उतरा कोणी."

कोणी हललं नाही.

"मले पोहता येत नाही वो ताई," लालसिंग म्हणाला. पायरीजवळ पाणी त्याच्या गुडघ्याएवढं होतं.

देवरावची मान ताठ झाली. "तुमचे खेळ तुमच्या मोहल्ल्यात खेळा. तळं गावाचं हाये."

"मंग मी कोण्या गावची?"

पाणबुडी वर आली होती, पायरीला लागून हलत होती. देवरावनं ती शेपटीकडून उचलली, डोक्यावर नेली आणि पायरीच्या धारेवर आपटली. झाकण फुटलं नाही. दुसऱ्यांदा आपटली. ते फुटलं.

आतून ती कोरडी होती. तारा, चिकटपट्टीनं बांधलेली बॅटरी, सगळं कोरडं. पिचकारीबाहेर एक थेंब गेला नव्हता.

साधना पाण्यातून बाहेर आली. ड्रेसमधून पाणी गळत होतं. तिनं रिमोट पायरीवर ठेवला, बॅटरी सोडवली, दोन्ही तारांवरचं प्लास्टिक दातांनी सोललं. लाल तार ओल्या डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबली, काळी करंगळीखाली. उजवा हात देवरावपुढं धरला.

"धरा माया हात."

देवराव त्या हाताकडं पाहत राहिला. मग त्यानं लोकांकडं पाहिलं.

"धरा न भाऊ. करंट पाह्याचा हाये न तुमाले?"

लालसिंगच्या मोबाइलवरचं गाणं संपलं. हातावरून पाण्याचे थेंब पायरीवर पडत होते. देवरावनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले.

पाणबुडी पहिल्यांदा तळ्यात सोडली, त्या दिवशी नारळ देवरावनं आणला होता. साधनाच्या घरी बुद्धवंदना, नारळ फोडत नाहीत, म्हणून फोडलाही त्यानंच, याच पायरीवर.