हिरव्या फितीची जुडी

चुलीमागच्या खुंटीला टांगलेली मिरच्यांची जुडी नव्या सुनेने भाबडेपणाने विक्रीच्या पोत्यात टाकली. ते पुढच्या हंगामाचं बियाणं होतं; सासूने डोळे मिटण्याआधी शेतभर फिरून निवडलेलं, आपल्या केसांच्या हिरव्या फितीने बांधलेलं. कळलं तसं सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. सासरा धावतपळत बाजारात पोचला, पण पोतं गावभरच्या ढिगात केव्हाच रिकामं झालं होतं. लाल डोंगरात तो कोपरापर्यंत हात खुपसून चाचपडत राहिला. “काका, सगळ्या मिरच्या सारख्याच की!” व्यापारी हसला. सुटलेली फीत तेवढी हाती लागली. दारात सून रडवेली उभी असणार. त्याने समोरच्याच मूठभर मिरच्या उचलून फितीत बांधल्या. “मिळाली गं पोरी, ही घे,” तो दारातूनच म्हणाला. सुनेचा जीव भांड्यात पडला, जुडी जागेवर लागली. तेव्हापासून सासरा खुंटीकडे पाठ करून जेवायला बसू लागला.