धाप

संगणकाचा पडदा सारखा लुकलुकायचा. दुरुस्तीवाल्याने केबल बदलून पाहिली, सेटिंग तपासलं, आणि शेवटी तो शेजारच्या खोलीत डोकावला.

"ताई, वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन याच लाइनवर आहे. ते जोर करतं, की इकडे पडदा लुकलुकतो. वेगळी लाइन टाकून देऊ?"

"बघ गं, तुझ्या डब्यालाही माझ्यासारखीच धाप लागते!" आतून अप्पा हसले.

"राहू द्या," ती दुरुस्तीवाल्याला हळूच म्हणाली. "काम करता करता त्यांच्यावर माझं लक्ष राहतं."

डोळे चुरचुरायचे, पण तिने पुन्हा कधी कुरकुर केली नाही.

आज दुपारी टाइप करता करता तिची बोटं थबकली. पडदा निवळशंख पाण्यासारखा स्थिर होता.

"अप्पा!" तिने हाक मारली, आणि उत्तराची वाट न बघता ती आत धावली.