दुसरीचं कोकरू

काळतोंडीनं कोकराला पुन्हा ढुशी देऊन पाडलं, तेव्हा सुगतनं बंडप्पाला फोन लावला.

काळतोंडीचं स्वतःचं कोकरू पहाटे मेलेलंच जन्मलं होतं. ढुशा खाणारं हे कोकरू दुसऱ्या मेंढीचं. ती बिचारी आदल्या दिवशी विताना दगावली होती. इकडे सड तटतटले होते, तिकडे पोर भुकेनं ओरडत होतं, आणि मेंढी तर आपलं पिल्लू वासावरून ओळखते. तिला फसवायचं कसं, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

सुगत स्वतःच धाराशिवच्या कॉलेजात शिकवायचा आणि शनिवार-रविवार तेर गावच्या दोन एकरांत हौशी मेंढपाळ व्हायचा. सात मेंढ्या, डझनभर कोंबड्या आणि कुणालाही न जुमानणारी एक टर्की. त्याच्या वडिलांनी, आबारावांनी, निवृत्तीनंतर हा पसारा हौसेनं मांडला होता. ते गेल्यावर आई भिमाबाई तो सांभाळत होती. या सुट्टीत सुगत आणि त्याची बायको वृषाली तिथंच राहायला आले होते. भिमाबाईला एक गोष्ट विचारायची होती आणि दोघांनाही धीर होत नव्हता.

बंडप्पा जन्माचा मेंढपाळ. त्यानं आल्या आल्या मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, जिवंत कोकराच्या अंगात अंगरख्यासारखं घातलं आणि पोटाखाली सुतळीनं बांधलं. काळतोंडीनं हुंगलं. परत हुंगलं. मग शेपटीकडून चाटत तिनं त्याला सडाशी येऊ दिलं.

"बघितलंस, आई? तिला कळलंसुद्धा न्हाय!" सुगत हरखून गेला.

"बघितलं," भिमाबाई म्हणाली. "कातडं कवा काढायचं?"

"दोन-चार दिसांत," बंडप्पा म्हणाला. "तवर पोराच्या अंगाला तिच्या दुधाचा वास लागतोय. जास्त ठिवलं तर कुजतंय, अळ्या पडत्यात."

संध्याकाळी चहा पिताना सुगतनं विषय काढला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, वृषालीनं अंगाची चाळण करून घेतली, पदरी काही पडलं नाही. आता दत्तक देणाऱ्या संस्थेतून फोन आला होता. सात महिन्यांची मुलगी होती. चार दिवसांत होय की नाही ते कळवायचं होतं. भिमाबाई मनापासून हो म्हणाली तरच आणायची, असं वृषालीनं ठरवलं होतं. लेकराला आजीही हवी, असं तिचं म्हणणं.

भिमाबाईनं बशी खाली ठेवली. "तिला सांगणार कवा?"

"काय सांगायचं?"

"ती दुसऱ्याची हाय म्हणून."

"कशाला सांगायचं?" सुगत म्हणाला. "आमचीच म्हणून वाढवणार. कुणाला पत्ता लागू देणार न्हाय."

"मग नका आणू."

वृषाली कपबश्या गोळा करून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. भिमाबाईचा हट्टीपणा लेकात जसाच्या तसा उतरलाय, असं गावात सगळे म्हणत. आता तेच दोन हट्टी समोरासमोर होते. तिसऱ्या दिवशी सुगतचा तोल गेला.

"विहारात बसून मैत्री-करुणेच्या गाथा म्हणतेस आणि घरी रक्त बघतेस? तुला आपलं पोटचं पोर मिळालं, आई. तुला न्हाय कळायचं हे दुःख!"

"अहो!" वृषाली ओरडली.

भिमाबाई टर्कीला दाणे टाकत होती. ती टाकतच राहिली. सुगतला बोलल्याची लाज वाटली, पण शब्द माघारी घ्यायला त्याची जीभ वळेना.

इकडे कोकराच्या अंगावरच्या कातड्याला वास मारू लागला होता. माशा घोंगावत होत्या. बंडप्पानं दोनदा निरोप पाठवला. सुगत म्हणायचा, राहू दे अजून थोडं. कातडं काढल्यावर काळतोंडीनं पोराला हाकललं तर, या धास्तीनं त्याला जेवण जात नव्हतं.

संस्थेला कळवायच्या दिवशी सकाळीच भिमाबाई कात्री घेऊन गोठ्यात शिरली. सुगत मागून धावला.

"आई, थांब! घेणार न्हाय ती त्याला!"

तोवर सुतळी तुटली होती. कुजकं कातडं तिनं ओढून बाजूला टाकलं. आतलं कोकरू ओलंचिंब होतं, पाठीवर लालसर चट्टे उठले होते. ते थरथरत उभं राहिलं. काळतोंडी पुढं आली आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याला हुंगत राहिली. वृषालीनं सुगतचा हात घट्ट धरला. मग कोकरू मेंढीच्या पोटाखाली शिरलं, त्याची शेपटी हलू लागली आणि काळतोंडी निवांत रवंथ करू लागली.

भिमाबाईनं हौदावर हात धुतले.

"पोरी, लाव फोन," ती वृषालीला म्हणाली. "माझी नात घिऊन या. पण जाणती व्हायच्या आत तिला सगळं सांगा. आईबापाच्याच तोंडून कळू द्या."

"सांगू, आत्याबाई. शब्द देते," वृषाली म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

सुगत खाली बसला. चार दिवसांचा राग कुठल्या कुठं गेला होता. "मला माफ कर, आई. नको ते बोललो. सांगू आम्ही तिला. पण एवढ्या एका गोष्टीसाठी तू नात नाकारायला निघाली होतीस?"

भिमाबाई पदराला हात पुसत त्याच्याजवळ येऊन बसली.

"तुला आणल्यापास्नं रोज वाटायचं, सुगत, आज सांगावं म्हणून."