घारीची फेरी

सातला तीन मिनिटं कमी असताना घारीचं हेरयान पुन्हा येऊन गेलं.

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. पडद्यावर तांबडी ओळ उमटली होती: मूळ ग्रहावर अनोळखी यान, एक. पाठवणाऱ्याचं नाव नेहमीचंच, 'घार'. सलग चाळिसावा दिवस. हल्ला नाही, लूट नाही. नुसतं यायचं, एक घिरटी मारायची आणि निघून जायचं.

अंतराळात साम्राज्य उभारायच्या या खेळात हेर सगळेच पाठवतात. समोरच्याकडे धातू किती, जहाजं किती ते बघायचं आणि तो झोपला की झडप घालायची. म्हणून शहाणा खेळाडू झोपण्यापूर्वी आपला ताफा लांबच्या प्रवासाला धाडून देतो. वाटेतल्या जहाजांना कोणी हात लावू शकत नाही. मालक जागा आहे की नाही, हे ओळखायची खूण एकच. गेल्या तासाभरात त्याने खेळ उघडला असेल, तर हेराला त्याच्या ग्रहापुढे छोटा पिवळा तारा दिसतो. तारा नसला की शिकार उघड्यावर.

मिस्त्री हे सगळं ठेचा खातखात शिकले होते. पस्तीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी बायको गेली. तिच्या आजारपणात कोणाचं काय चुकलं यावरून ते मुलीला नको ते बोलून बसले. ती दुसऱ्या शहरात निघून गेली. बोलणं बंद झालं त्याला सहा वर्षं झाली. मागे राहिला तिचा कॉम्प्युटर आणि त्यावर तिने अर्धवट सोडलेला हा खेळ. तिचे आठ ग्रह होते. मिस्त्रींनी त्यांचे एकोणीस केले.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांना सडकून ताप भरला होता. दोन दिवस अंथरुणातून उठणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी खेळ उघडला, तर सत्तेचाळीस तांबड्या ओळी. घार तासातासाला येऊन गेली होती. तारा विझलेला, ताफा ग्रहावर उघडा पडलेला, तरीही एका जहाजाला साधा ओरखडा नव्हता. खाली फक्त एक निरोप होता: "दोन दिवस कुठे होतात?"

लुटारूला लूट नको असेल, तर त्याला हवंय तरी काय? त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून दाराला आतून दोन कड्या लावायला लागले.

शेवटी त्यांनी खेळातल्या आपल्या गटाच्या प्रमुखाला कळवलं. या दातांच्या डॉक्टरीणबाई. प्रत्यक्ष भेट कधी नाही, पण डावपेचांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी जे सांगितलं त्याने भीती कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. दुसऱ्या एका गटात कोणीतरी बुडालेल्या ताफ्याचा राग मनात धरून समोरच्याचं घर शोधून काढलं होतं आणि दारात गाठून त्याचा हात मोडला होता. मिस्त्रींनी वर्षभरात किती जणांचे ताफे बुडवले होते, त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं.

"तिला एकदा खाली उतरवू," डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. "तुम्ही मेल्याचं सोंग घ्या."

बेत सोपा होता. मूळ ग्रहावर धातूचा ढीग मोकळा टाकायचा, पहारा काढून घ्यायचा आणि तीन दिवस खेळाकडे फिरकायचं नाही. मोहाला बळी पडून घार ताफ्यासकट उतरली, की चंद्राआड दडलेली डॉक्टरीणबाईंची जहाजं तिच्यावर तुटून पडणार. फोनवरून चुकून खेळ उघडला तरी तारा पेटला असता, म्हणून मिस्त्रींनी फोनही बंद करून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला.

पहिला दिवस कपाट आवरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगला चालणारा पंखा खोलून पुन्हा बसवला. घराबाहेर पाऊल टाकलं नाही. जिन्यात जरा खुट्ट झालं की हातातला घास तसाच राही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली. लिफ्टच्या बाबतीत मिस्त्रींचा कान चुकणारा नव्हता. समोरचं घर वर्षभर बंद होतं. या मजल्यावर येणारा त्यांच्याकडेच आलेला असणार.

घंटा वाजली. ते जागचे हलले नाहीत. पुन्हा वाजली, मग दारावर थापा पडायला लागल्या. फोन सुरू करावा असं मनात आलं, पण सुरू होताना तो वाजतो. आत कोणी आहे हे बाहेर कळलं असतं. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना काढला. तो दोन्ही हातांनी धरून ते दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"मिस्त्री," बाहेरून जाडाभरडा पुरुषी आवाज आला. "आहात का आत?"

आवाज ओळखीचा नव्हता, पण त्याला नाव माहीत होतं.

मग तोच आवाज हळू झाला. "फोडू ना? नक्की?"

उत्तर ऐकू आलं नाही. ड्रिलचा घरघराट सुरू झाला. कुलपाचा कीस आतल्या फरशीवर सांडला. एक कडी वाकली, मग दुसरी. मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे होते. पाय पळायचं म्हणत होते आणि पळायला जागा नव्हती.

दार आत ढकललं गेलं. मिस्त्रींनी पाना उगारला.

समोर एक कुलूपवाला होता. पाना पाहून तो दोन पावलं मागे सरला. त्याच्या मागे, कठड्याला टेकून, दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून त्यांची मुलगी उभी होती. बापाला स्वतःच्या पायांवर उभा पाहिलं आणि ती पायरीवर मटकन खाली बसली.



"तीन दिवस तारा दिसला नाही, बाबा," ती म्हणाली.